उलटं काळं पाणी : महाबळेश्वरचे चिनी कैदी

पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलेल्या माणसाला टॅक्सीवाला तीन धबधब्यांची नावं हमखास सांगतो : लिंगमळा, धोबी आणि चायनामन. पहिली दोन नावं मराठी कानाला ओळखीची वाटतात. तिसऱ्यापाशी प्रवासी क्षणभर अडखळतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून पडणाऱ्या या पाण्याला चिनी माणसाचं नाव कसं मिळालं? तेवढ्यात धुकं उतरतं, फोटो काढायचा राहून जाईल म्हणून घाई होते, आणि प्रश्न तिथेच राहतो.

या प्रश्नाचं उत्तर मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये थोडक्यात सापडतं. 1830 च्या दशकापासून 1864 पर्यंत महाबळेश्वरात एक तुरुंग होता. त्यात चीन आणि मलाया भागातले, सिंगापूर-पेनांगच्या बाजूला सजा झालेले सुमारे 120 कैदी असत. माल्कमपेठ या तिथल्या इंग्रज वसाहतीचे रस्ते घडवण्यात त्यांचे हात होते. बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी केले, वेताच्या टोपल्या विणल्या. धबधब्याजवळ त्यांचे मळे होते, म्हणून धबधब्याला त्यांचं नाव पडलं. नाव तरी कसलं म्हणायचं? ‘चायनामन’ हा साहेबांनी कोणत्याही चिनी माणसाला मारलेला शिक्का. त्या 120 जणांपैकी एकाचंही खरं नाव महाबळेश्वरात कुणाच्या तोंडी नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये. दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातली कुटुंबं पोटासाठी गुजरातची वाट धरतात. कुणी बारडोली-सुरतेकडच्या उसाच्या फडावर जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. या माणसांचं आयुष्य कागदावर कधी येतं? अपघात झाला, मारामारी झाली, कुणी दगावलं, पोलिसात तक्रार गेली, तर. एरवी त्यांच्या वर्षभराच्या कष्टाची नोंद मुकादमाच्या वहीत उचलीच्या आकड्यापुरती. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या मजुराची कहाणी याच उचलीपासून सुरू होते.

फुकियेन आणि क्वांगतुंग हे चीनचे दोन किनारी प्रांत. शेती तुटपुंजी आणि तोंडं फार, अशी तिथली स्थिती. ईशान्येचा वारा सुरू झाला की तिथून शिडाची जहाजं, ज्यांना ‘जंक’ म्हणत, दक्षिणेकडे निघत आणि साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान सिंगापूरला लागत. डेकवर दाटीवाटीनं बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांकडे भाड्याचे पैसे नसत. बंदरात कुणी मळेवाला किंवा खाणवाला ते भाडं भरी आणि त्या माणसाला उचलून नेई. मग भाड्याच्या बदल्यात साधारण वर्षभर राबायचं. अशा नवख्याला सिंगापुरात ‘सिन-खे’ म्हणत. शब्दाचा अर्थ ‘नवा पाहुणा’. पाहुणचार मात्र असा की कर्ज फिटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

सिंगापूर बेटावर तेव्हा गंबीर आणि मिरीचे मळे होते. गंबीर म्हणजे आपल्याकडच्या काताचा लांबचा भाऊ. आपला कात खैराच्या गाभ्यातून काढतात, तर गंबीर एका झुडपाच्या पानांतून. कातडी कमावायला आणि रंगवायला त्याची मागणी युरोपात वाढत होती. मजुरानं पाला खुडायचा, जंगलातून लाकूड तोडून आणायचं, मोठ्या लोखंडी कढयांत तो पाला तासन्‌तास उकळायचा, रस घट्ट झाला की थापून त्याच्या वड्या पाडायच्या. उकळत्या कढईपाशी दिवस जाई आणि जंगलाच्या कडेला झोपडीत रात्र. वाघानं मळ्यातला मजूर मारल्याच्या बातम्या सिंगापूरच्या वर्तमानपत्रांत सारख्या येत. थकलेल्या अंगाला अफूचा आधार, आणि अफू विकण्याचा मक्ता सरकारनं बड्या चिनी व्यापाऱ्यांना लिलावानं दिलेला. मजुरीचा पैसा या वाटेनं पुन्हा मालकवर्गाकडे आणि सरकारी तिजोरीत जाई.

अफूच्या या व्यापारात आपला मुलूखही सामील होता. ईस्ट इंडिया कंपनीनं 1830 च्या सुमारास माळव्याच्या अफूला परवाना देऊन मुंबई बंदराकडे वळवलं. इंदूरकडून सेंधव्याचा घाट उतरून, खानदेश ओलांडून मुंबईला जाणाऱ्या वाटेवर जो माल धावू लागला, त्यात ही अफूही होती. मुंबईहून ती कँटनला जाई. जमशेटजी जीजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा मोठा. 1839 ते 1842 चं अफूचं युद्ध याच व्यापारावरून पेटलं आणि त्यात हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेलं. ज्या किनाऱ्यावर मुंबईची अफू उतरत होती, त्याच किनाऱ्यावरून माणसं बाहेर पडत होती. त्यांतली काही पुढे बेड्या घालून मुंबई इलाख्यातच आणली गेली.

बेड्यांपर्यंतची वाट कोर्टातून जाते.

पेनांग, सिंगापूर आणि मलाक्का या तीन वसाहतींसाठी 1826 च्या सनदेनं एकच न्यायालय स्थापन झालं. ‘रेकॉर्डर’ म्हणजे मुख्य न्यायाधीश पेनांगला बसे आणि बाकीच्या ठिकाणी दौऱ्यावर येई. तो येईपर्यंत आरोपी कोठडीत. पहिले रेकॉर्डर सर जॉन क्लॅरिज यांचा दौऱ्याच्या खर्चावरून सरकारशी असा वाद झाला की त्यांनी सिंगापूरला जायला नकार दिला. 1828 मध्ये तिथलं पहिलं फौजदारी सत्र गव्हर्नर फुलर्टन यांनी चालवलं. न्यायाधीश प्रवासभत्त्यावर अडून बसतो आणि कैदी अंधारात वाट पाहतो, इथूनच त्या न्यायाची सुरुवात झाली.

खटला इंग्रजीत चाले. आरोपीची भाषा हॉक्किएन, कँटनी किंवा तेओच्यू. मधे दुभाषी, आणि कित्येकदा बाजाराची भाषा म्हणून मलयचा आधार. गावाकडच्या बोलीत सांगितलेली हकिकत अशी दोन-दोन उंबरे ओलांडून न्यायाधीशाच्या वहीत उतरे. वहीत उरे तो सारांश. घरात आई होती का, उचल किती राहिली होती, मालकानं मजुरी दिली होती की नाही, हे प्रश्न गुन्ह्याशी थेट जोडलेले नसले तर कुणी विचारतच नसे.

साक्षीदाराला शपथ कशी द्यायची, हाही पेच होता. बायबलवर हात ठेवून चिनी माणूस बांधला जाईल असं कोर्टाला वाटेना. मग कोंबड्याची मान तोडायची, लिहिलेला कागद जाळायचा किंवा मातीची बशी फोडायची, अशा रीती कोर्टात आल्या. 1842 मध्ये खुद्द लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एका चिनी साक्षीदारानं गुडघे टेकून, हातात दिलेली बशी पिंजऱ्याच्या कठड्यावर आपटून फोडली. खोटं बोललास तर या बशीसारखा तुझा आत्मा फुटेल, अशा अर्थाचं त्याला सांगण्यात आलं आणि मग साक्ष सुरू झाली. हिंदुस्थानात त्याआधी दोनच वर्षं, 1840 च्या कायद्यानं हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांची गंगाजळाची व कुराणाची शपथ काढून टाकून साधी प्रतिज्ञा आणली होती. परक्याच्या श्रद्धेविषयी कोर्टाला एवढी काळजी होती. त्याच्या पोटाविषयी, कर्जाविषयी आणि मालकाशी असलेल्या नात्याविषयी तेवढी नव्हती.

शिक्षा कित्येकदा ‘समुद्रापार’ अशी असे. इथे सरकारपुढे अडचण उभी राहिली. हिंदुस्थानातल्या कैद्यांना काळं पाणी म्हणून पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरला पाठवत. सिंगापुरातल्या चिनी माणसाला समुद्रापार कुठे पाठवायचं? तिथेच ठेवलं तर बाहेर त्याची भाषा बोलणारी हजारो माणसं, गुप्त मंडळ्या, नातीगोती. सजेचा धाक राहायचा नाही. म्हणून त्याला मुंबई आणि मद्रास इलाख्यात आणलं गेलं. हाँगकाँग हाती आल्यावर तिथले कैदीही या ना त्या वसाहतीकडे निघाले. 1848 मध्ये हाँगकाँगहून पेनांगला निघालेल्या ‘जनरल वुड’ या जहाजावरच्या चिनी कैद्यांनी उठाव करून कप्तानाला मारलं आणि जहाज ताब्यात घेतलं. पुढे त्यांच्यातल्या अनेकांना पकडून खटला भरण्यात आला. जहाजावर चढण्यापेक्षा मरण बरं, असं ज्यांना वाटलं ती ही माणसं.

आपण काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतो. या माणसांचं काळं पाणी म्हणजे आपला सह्याद्री.

माल्कमपेठ तेव्हा नुकतीच वसत होती. 1829 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा मिळवली. साडेचार हजार फुटांची उंची, थंड हवा, जवळच कृष्णेचा उगम. इंग्रजांना इथे बंगले हवे होते, घोडागाडी जाईल असे रस्ते हवे होते, आणि जेवणात बटाटा व ताज्या भाज्या हव्या होत्या. जांभ्या दगडाचा माथा, दाट जंगल, आणि पावसाळ्यात दोन हातांवरचं दिसू नये असं धुकं. अशा जागी मजुरी करायला लोक खालून सहज चढत नव्हते. कैद्याला निवड नव्हती. सजा ही त्या काळी मजूर मिळवण्याचीही एक रीत होती.

या कैद्यांचे हात रिकामे असले तरी हातातलं कसब रिकामं नव्हतं. डोंगरउतारावर पाणी धरून वाफे पाडणं, खताला काही वाया न घालवणं, वेत सोलून टोपली विणणं हे ते गावाहून शिकून आले होते. ज्या कोर्टानं त्यांना ‘दरोडेखोर’ किंवा ‘खुनी’ एवढीच ओळख दिली, त्या कोर्टाच्या कागदात हे कसब कुठेच नाही. ते महाबळेश्वरच्या मातीनं दाखवलं. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. त्यानंतरही काहीजण परवान्यावर तिथेच राहिले आणि मळे करत राहिले. आजच्या महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी, गाजर, मुळा यांच्या वाफ्यांवर जी बाजारपेठ उभी आहे, तिची मुळं शोधायला गेलं तर या कैद्यांच्या मळ्यांपाशी थांबावंच लागतं.

निलगिरीत हीच गोष्ट थोडी अधिक उजेडात आहे. तिथल्या नडुवट्टमच्या सिंकोना मळ्यांत, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनसाठी लावलेल्या झाडांच्या राईत, चिनी कैद्यांनी काम केलं. सुटल्यावर काहींनी तमिळ स्त्रियांशी संसार थाटला आणि कॉफी-भाजीपाला पिकवून राहिले. मद्रास संग्रहालयाचे एडगर थर्स्टन यांनी या कुटुंबांना भेटून त्यांची नोंद केली. ती नोंद डोकी मोजणाऱ्या मानवशास्त्राची आहे, तिच्यात मायेचा ओलावा नाही. तरी तिच्यामुळे एवढं कळतं की ही माणसं जगली, संसारात रमली, त्यांना मुलंबाळं झाली. महाबळेश्वरच्या कैद्यांना तेवढाही थर्स्टन भेटला नाही.

आता उलटी दिशा पाहावी. मुंबई इलाख्यातून सजा होऊन गेलेली माणसं तिकडे काय करत होती? सिंगापूरचे रस्ते, पूल, कालवे यांवर हिंदी कैदी राबले. 1862 मध्ये ज्याचं विधिवत पवित्रीकरण झालं, ते पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या मजुरीतून उभं राहिलं. त्यांच्यावरचे अधिकारी मॅकनेअर यांनी 1899 मध्ये या कैद्यांविषयी पुस्तकच लिहिलं. चिनी कैदी सह्याद्रीत दगड फोडतो आहे आणि हिंदी कैदी सिंगापुरात विटा रचतो आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की साम्राज्याचा हिशेब कळतो. माणूस आपल्या मातीतून उपटायचा आणि जिथे त्याची भाषा कुणाला कळत नाही तिथे लावायचा, म्हणजे तो निमूट राबतो.

सातपुड्यानंही हा हिशेब सोसला. खाज्या नाईक हा सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करणारा इंग्रजांचा नोकर. ताब्यातल्या एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला दहा वर्षांची सजा झाली. मुदतीआधी सुटून तो परत नोकरीवर आला आणि 1857 मध्ये उठावात उतरला. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांपैकी कित्येकांना तिथल्या तिथे लष्करी न्याय करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या बाजूचा एक शब्दही कागदावर नाही. नंदुरबारच्या सीमेला लागून असलेल्या बडवानी भागातला भीमा नाईक पकडला गेला, त्याला अंदमानात नेलं आणि 1876 मध्ये तो तिथेच वारला. निदान भीमा आणि खाज्या यांची नावं लोकांनी गाण्यांत आणि गोष्टींत जपली. ज्याच्या मागे गाणं म्हणणारं गाव उरत नाही, त्याचं काय होतं ते महाबळेश्वरात दिसतं.

नावाची ही गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. वसाहतीच्या कागदांत चिनी मजुरांची नावं पुष्कळदा ‘अ’ या अक्षरानं सुरू होतात. हा ‘अ’ नावाचा भाग नसतो. घरातली माणसं लाडानं किंवा सलगीनं हाक मारताना तो पुढे लावतात, जसं आपण गणपतचं गण्या करतो. कोर्टाच्या कारकुनानं नाव विचारलं, समोरच्यानं रोजच्या हाकेतलं नाव सांगितलं, कारकुनानं तेच पूर्ण नाव म्हणून लिहिलं. घराण्याचं नाव गळालं आणि त्याबरोबर गाव, कूळ, मागे राहिलेली माणसं शोधायचा धागाही तुटला. खानदेशच्या जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढे नुसतं ‘भिल्ल’ लिहून कारकून मोकळा होई, तो प्रकारही याच जातीचा.

अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध खटल्यातही हेच घडलं. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागेल असा नियम 1880 मध्ये झाला. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. बिगरचिनी अर्जदारांना मात्र जवळजवळ सरसकट परवाने मिळाले. 1861 पासून तिथे राहणारा एक धोबी दंड न भरता तुरुंगात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. 1886 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला : कायदा कागदावर समान असला, पण राबवताना एका जमातीवर वाकडा पडत असला, तर तो चालणार नाही. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला ‘यिक वो’ या नावानं ठाऊक आहे. यिक वो हे त्याच्या लाँड्रीचं नाव होतं. जिंकलेल्या माणसाचंसुद्धा नाव कागदावर दुकानाच्या पाटीनं झाकलं गेलं.

महाराष्ट्रातली चिनी माणसाची कहाणी 1864 ला संपत नाही. मुंबईच्या गोदीत चिनी खलाशी आणि सुतार येत राहिले. माझगावात 1919 मध्ये त्यांनी बांधलेलं सी यप मंदिर अजून उभं आहे. अँटॉप हिलला त्यांची दफनभूमी आहे. 1962 च्या युद्धात देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. महाबळेश्वरच्या कैद्याला, भाषा कळो न कळो, एक कोर्ट तरी मिळालं होतं. देवळीत गेलेल्यांवर खटलाच चालला नाही.

या सगळ्याकडे पाहताना एक मोह टाळायला हवा. कैद्यांना सरसकट निरपराध ठरवणं सोपं आहे, आणि खोटंही. दरोडे पडत होते, खून होत होते, आणि त्यांत मरणारेही बहुतेक चिनी मजूरच असत. कोर्टाचा कागद खोटा असतो असं नाही. तो अपुरा असतो. माणसाच्या तीस-चाळीस वर्षांतले काही तास त्यात असतात आणि उरलेलं आयुष्य त्या तासांच्या सावलीत हरवतं. म्हणून असा कागद वाचताना दोन प्रश्न सतत विचारायचे. गुन्ह्याच्या आदल्या दिवशी हा माणूस कुणासाठी राबत होता? आणि सजा झाल्यावर त्याच्या घामाचा फायदा कुणाला झाला? पहिल्याचं उत्तर सिंगापूरच्या गंबीरच्या कढईपाशी आहे, दुसऱ्याचं महाबळेश्वरच्या रस्त्यावर.

हे वाचायची सोय आपल्याकडे आहे. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे आणि इलाख्याच्या न्यायखात्याचे खंड तिथे आहेत. खानदेशाचा अभ्यास करणाऱ्याला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळ आहे. शहादा, तळोदा, नंदुरबारच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलांच्या घरात स्थलांतर हा पुस्तकी शब्द नाही. कुणाची आई, कुणाचा मोठा भाऊ फडावर जाऊन आलेला असतो. उचल म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जुन्या खटल्यातला ‘नवा पाहुणा’ त्यांना लवकर ओळखू येईल. त्यांनी हे खंड उघडावेत. कैद्यांची यादी सापडली तर नावं उतरवून घ्यावीत, आणि त्याच वहीत पुढच्या पानावर आपल्या पाड्यावरून यंदा गेलेल्यांची नावंही लिहावीत : पूर्ण नाव, गाव, मुकादम, उचल, परतीची तारीख.

आणि महाबळेश्वरच्या नगरपालिकेनं धबधब्यापाशी एक पाटी लावावी. तिच्यावर एवढं असावं : 1864 पर्यंत इथे एक तुरुंग होता. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का इथून आणलेले सुमारे 120 चिनी आणि मलय कैदी त्यात होते. या गावचे रस्ते त्यांनी बांधले. या उतारावर त्यांचे मळे होते.